लग्न, सभा, जत्रा आणि कमरेचं पिस्तूल : परवानाधारकांचे आणि आयोजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्र परवाना हातात आला की बहुतेकांची समजूत होते की आता कुठेही न्यायला मोकळीक मिळाली. तसं नाही. परवाना शस्त्र जवळ ठेवण्याचा असतो आणि नेण्याची मुभा त्यातल्या अटींपुरती असते. या अटी छापलेल्या असतात, पण त्या वाचण्याची वेळ बहुधा गुन्हा दाखल झाल्यावरच येते. खालची उत्तरं शस्त्र अधिनियम १९५९, त्यातली २०१९ ची दुरुस्ती, शस्त्र नियम २०१६ आणि महाराष्ट्रात लागू असलेला पोलीस कायदा यांना धरून आहेत.

माझ्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे. भाच्याच्या लग्नाला कमरेला लावून गेलो तर चालेल का?

नाही. स्वसंरक्षणाच्या परवान्यासोबत ज्या अटी येतात त्यांत स्पष्ट म्हटलेलं असतं की जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा इतर सार्वजनिक जमावात शस्त्र नेऊ नये. शिक्षणसंस्थेच्या आवारातही नेऊ नये. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यासाठी खास अधिकार दिला असेल तेवढाच अपवाद.

“लग्न तर घरगुती आहे, त्यात सार्वजनिक काय?” असा युक्तिवाद लगेच होतो. पाचशे पत्रिका वाटलेल्या, मंगल कार्यालयात होणाऱ्या, रस्त्यावरून वरात जाणाऱ्या लग्नाला घरगुती म्हणणं पोलिसांपुढे टिकत नाही. शिवाय लग्नप्रसंगी शस्त्र मिरवणं किंवा झाडणं नियमांत लग्नाचं नाव घेऊनच मना केलेलं आहे. गावाकडे लग्न शाळेच्या मैदानावर असेल तर शिक्षणसंस्थेची अटही येते. त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे म्हणून आवार बदलत नाही.

पण शस्त्र कुणाला दिसणारच नसेल तर? लपवून नेणं हाच गुन्हा आहे का?

इथे लोकांचा उलटा गैरसमज असतो. परदेशी बातम्यांत “लपवून शस्त्र बाळगणे” हा वेगळा विषय असतो, वेगळे परवाने असतात. आपल्याकडे नियमच सांगतो की सार्वजनिक ठिकाणी बंदुकीसारखं शस्त्र नेताना ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, लांब बंदूक असेल तर तिच्या खोळीत, आणि नेणाऱ्याचा त्यावर पूर्ण ताबा हवा. शर्ट खोचून मूठ दिसेल असं फिरणं हाच नियमभंग.

मात्र झाकण्याची अट पाळली म्हणून जमावात नेण्याची अट सुटत नाही. या दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लागू असतात. झाकून नेलेलं पिस्तूल रस्त्यावरून, बाजारातून, कचेरीत जाताना ठीक, तेही परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्रात. जत्रेत, सभेत, वरातीत मात्र झाकलेलं असलं तरी नाहीच.

“ताबा” म्हणजे नेमकं काय? बॅगेत ठेवून बॅग खुर्चीला अडकवली तर?

तर ताबा गेला. तुम्ही जेवायला पंगतीत बसलात, बॅग मागच्या खुर्चीवर आणि मांडवात मुलं धावत आहेत, ही परिस्थिती नियमाच्या शब्दांत बसत नाही.

होल्स्टरशिवाय कमरेला खोचण्याची सवय सगळ्यांत वाईट. त्यात तीन गोष्टी बिघडतात. एक, चाप उघडा राहतो, त्यामुळे शर्टाचं टोक, नाडी किंवा किल्ल्यांचा जुडगा त्यात अडकू शकतो. दोन, वाकताना, नाचताना, नमस्कार करताना शस्त्र घसरतं. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो आणि जमिनीवर आपटला तर गोळी सुटू शकते. म्हणूनच अशा रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवण्याची जुनी पद्धत आहे. तीन, गर्दीत मागून कुणी मूठ ओढली तर तुम्हाला कळेपर्यंत शस्त्र दुसऱ्याच्या हातात असतं. आणि हे गमतीत मित्रच करतात, चोर नव्हे.

परवान्यावर नेमकं काय तपासायचं?

पाच गोष्टी. वैधतेची तारीख. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आधी तो तीन वर्षांचा होता, त्यामुळे जुन्या हिशेबाने चालणाऱ्यांचा घोळ होतो. मुदत संपलेला परवाना म्हणजे विनापरवाना शस्त्र, म्हणून नूतनीकरणाची कागदपत्रं किमान दोन महिने आधी तयार ठेवा. दुसरं, परवाना लागू असलेलं क्षेत्र: फक्त जिल्हा, राज्य की त्याहून मोठं. सोलापुरात वैध असलेला जिल्ह्यापुरता परवाना घेऊन कुणी लातूरला लग्नाला शस्त्रासह गेला, तर त्या जागेपुरता त्याच्याकडे परवानाच नाही असं पोलीस धरतात. तिसरं, उद्देश: संरक्षण, पीक संरक्षण की नेमबाजी. पिकासाठी दिलेली बारा बोअरची छऱ्यांची बंदूक घेऊन गावच्या उरुसात जाणं उद्देशातही बसत नाही. चौथं, शस्त्राचा क्रमांक प्रत्यक्ष शस्त्रावरच्या क्रमांकाशी जुळतो का. पाचवं, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतात तो आकडा.

एका माणसाला आता जास्तीत जास्त दोनच बंदुकी ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती.

अटी मोडल्या तर शिक्षा किती?

हे सरसकट एका आकड्यात सांगता येत नाही, कारण कुठलं कलम लागतं त्यावर सगळं अवलंबून.

वैध परवाना आहे पण अट मोडली, उदाहरणार्थ जमावात शस्त्र नेलं, तर शस्त्र अधिनियमाचं कलम ३०: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आकडा किरकोळ वाटतो. खरी झळ कलम १७ ची असते, कारण अटभंग हे परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचं थेट कारण आहे. एकदा रद्द झालेला परवाना पुन्हा मिळवणं फार अवघड.

परवानाच नाही, मुदत संपली आहे किंवा शस्त्र दुसऱ्याचं आहे, तर कलम ३ चा भंग आणि कलम २५ खाली किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद व दंड. गावठी कट्टा इथेच येतो. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलासारखं प्रतिबंधित शस्त्र असेल तर किमान सात वर्षं आणि वर चौदापर्यंत.

गोळी झाडली तर पुढचा प्रश्न वाचा.

नुसती हवेत एक फैर झाडली, कुणाला लागली नाही. तरी गुन्हा?

हो. २०१९ मध्ये कलम २५ ला नववं पोटकलम जोडलं गेलं. हलगर्जीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाच्या जिवाला वा सुरक्षिततेला धोका निर्माण केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी जखमी होण्याची गरज नाही, धोका पुरेसा आहे. सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळं, लग्नसमारंभ आणि इतर कार्यक्रम, सगळी नावं कायद्याच्या स्पष्टीकरणात आहेत.

“हवेत” हा शब्दच फसवा आहे. वर गेलेली गोळी कुठे तरी खाली येते. अगदी सरळ वर मारली तर बराचसा वेग गमावते. पण नाचत्या माणसाच्या हातून सरळ वर कोण मारतो? तिरकी गेलेली गोळी बराच वेग टिकवून लांब जाऊन पडते. मांडवाचे लोखंडी पाइप, स्लॅब, पत्रा यांवर आपटून ती किंवा तिचे तुकडे परत फिरतात. बारा बोअरचे छर्रे तर पसरतच जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडमधल्या एका लग्नातल्या गोळीबाराचा निकाल दिला. आरोपीने बंदूक छताकडे रोखली होती, तरीही छऱ्यांनी माणसं मेली. न्यायालयाने तो निव्वळ अपघात मानला नाही. गर्दीत भरलेली बंदूक झाडली तर काय होऊ शकतं याची जाणीव असायलाच हवी, असं धरून सदोष मनुष्यवधाखाली दहा वर्षांची शिक्षा झाली.

आवाजाची, म्हणजे गोळी नसलेली काडतुसं वापरली तर?

नियमांत त्यांचाही उल्लेख आहे. लग्न, सभा, जत्रा, मिरवणुकीत अशी शस्त्रं झाडायलाही मनाई आहे. शिवाय जवळून झाडलेल्या नुसत्या बारच्या काडतुसातूनही तप्त वायू आणि डाटाचे तुकडे जोरात बाहेर पडतात. डोळा जाण्याइतका तो जोर असतो.

नवरदेवाने माझं पिस्तूल हातात घेऊन फक्त फोटो काढला. रील टाकली. त्यात काय?

त्यात दोघं अडकतात. नवरदेवाकडे त्या क्षणी विनापरवाना शस्त्र आहे आणि तुम्ही ते अपात्र माणसाच्या हाती दिलं आहे. पोलिसांकडे पुरावा म्हणून तुमचाच व्हिडिओ. शस्त्र खेळण्यातलं होतं हे नंतर सिद्ध झालं तरी मधले दिवस ठाण्याच्या पायऱ्या चढण्यात जातात.

परवानाधारकाशिवाय दुसऱ्याने शस्त्र नेण्याला कायद्यात एक चिंचोळी वाट आहे: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा स्वतः परवानाधारकाच्या वापरासाठी. फोटो या तिन्हींत बसत नाही.

चुकून शस्त्र घेऊन मंगल कार्यालयात पोचलो. आता काय करू?

आत जाऊ नका, हे पहिलं. शस्त्र कुणाच्या हाती देऊ नका: मेहुणा नको, कार्यालयाचा व्यवस्थापक नको, गाडी लावणारा पोऱ्या तर नकोच. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून जाणं हाही मार्ग नाही. लग्नाच्या पार्किंगमधल्या गाड्या फोडल्या जातात आणि शस्त्र चोरीला गेलं की पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो. सरळ घरी परत जा. अंतर जास्त असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात परवाना दाखवून शस्त्र जमा करता येईल का विचारा. जमा केलं तर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या.

बाहेरगावच्या कार्यक्रमाला जायचं आधीच ठरलं असेल तर निघण्यापूर्वीच ठेव ठेवा. सुरक्षित ठेव स्वीकारण्याचा परवाना असलेले शस्त्रविक्रेते असतात. सगळ्या विक्रेत्यांकडे तो नसतो, म्हणून विचारून घ्या. घरीच ठेवायचं असेल तर रिकामं करून, कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळी आणि किल्ली तुमच्याकडे.

मला खरंच धोका आहे. सभेला जाणं भाग आहे. परवानगी कशी मागू?

जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे, लेखी. अर्जात कार्यक्रमाची तारीख, वेळ, ठिकाण, अंदाजे उपस्थिती, परवान्याचा आणि यूआयएन (परवानाधारकाला मिळणारा खास ओळख) क्रमांक, शस्त्राचा प्रकार व क्रमांक, किती काडतुसं नेणार आणि धोक्याचं ठोस कारण लिहा. आधी धमकी आली असेल, तक्रार दिली असेल तर त्याची प्रत जोडा. पोलिसांचा अभिप्राय मागवला जातो, म्हणून अर्ज आदल्या दिवशी देण्यात अर्थ नाही.

ठाण्यातल्या अधिकाऱ्याने तोंडी “घेऊन जा, बघू” म्हटलं, तर ती परवानगी नव्हे. अटीत जिल्हा दंडाधिकारी लिहिलेलं आहे, ठाणे अंमलदार नव्हे. आणि मोकळेपणाने सांगायचं तर अशी परवानगी क्वचितच मिळते. धोका खरा असेल तर पोलीस संरक्षण मागणं जास्त शहाणपणाचं. गर्दीत स्वतःच्या पिस्तुलाने स्वतःला वाचवण्याची कल्पना पडद्यावर शोभते. प्रत्यक्षात मागे कोण उभं आहे हे बघायलाही वेळ मिळत नाही.

कलम ३७ चा आदेश लागू आहे, असं वर्तमानपत्रात येतं. त्याचा परवानाधारकांशी काय संबंध?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जिल्हा दंडाधिकारी किंवा आयुक्त ठराविक काळासाठी सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या नेण्यावर बंदी घालू शकतात. सण, जयंत्या, मोर्चे, निवडणुका यांच्या आसपास हे आदेश निघतात आणि बऱ्याच जिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा निघत राहतात. परवाना आहे म्हणून माणूस आपोआप यातून सुटत नाही. आदेशात ज्यांना सूट लिहिली आहे तेच सुटतात, साधारणपणे कर्तव्यावरचे सरकारी नोकर आणि तसेच इतर.

इथे एक हमखास चूक होते. शस्त्रबंदीसोबत कलम ३७(३) ची जमावबंदीही बऱ्याचदा असते आणि तिच्यातून लग्न, अंत्ययात्रा वगळलेल्या असतात. लोक ती ओळ वाचतात आणि लग्नाला सगळीच सूट आहे असं समजतात. ती सूट माणसं जमण्यापुरती असते, शस्त्रापुरती नव्हे. शस्त्रबंदी मोडली तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि न्यायालयाने लेखी कारणं दिली नाहीत तर चार महिन्यांहून कमी नाही.

मिरवणुकीत तलवार, दांडपट्टा चालतो का? तो तर खेळ आहे.

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं कायद्याच्या कक्षेत येतात. घरकाम, शेती, उद्योगासाठीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, म्हणून विळा घेऊन शेतावर जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण कोयता मिरवणुकीत नाचवला की तो अवजार राहत नाही. मर्दानी खेळांच्या पथकांनी मिरवणुकीच्या परवानगी अर्जातच शस्त्रांची यादी, संख्या आणि सादर करणाऱ्यांची नावं द्यावीत आणि लेखी परवानगी सोबत ठेवावी. बोथट साहित्य वापरणं उत्तम. केक तलवारीने कापण्याची हौस मात्र कुठल्याही परवानगीत बसत नाही. शिखांना कृपाण धारण करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नेच दिला आहे, तो विषय वेगळा.

निवडणुकीच्या काळात काय?

आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला सांगितलं जातं. मात्र सरसकट सगळ्यांना नव्हे. छाननी समिती प्रत्येक प्रकरण पाहून ठरवते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी निवडणुकीत दंगा केलेले यांच्यावर पहिली नजर. बँकांचे रक्षक आणि नेमबाजीचे खेळाडू यांना बहुधा सूट मिळते. नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत जमा करा, आक्षेप असेल तर समितीकडे लेखी द्या.

मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रावर किंवा त्याच्या परिसरात सशस्त्र जाणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ख खाली गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यात शस्त्र जप्त होतं आणि परवाना रद्द झाल्याचं मानलं जातं.

पोलीस कर्मचारी सुट्टीवर असताना पाहुणा म्हणून आला आणि सरकारी शस्त्र कमरेला आहे. त्याला चालतं?

सरकारी नोकराला मिळणारी मोकळीक कर्तव्य बजावताना आहे. हळदीत नाचणं कर्तव्यात येत नाही. माजी सैनिकांनाही खासगी शस्त्रासाठी इतरांसारखाच परवाना आणि त्याच अटी.

आम्ही मंगल कार्यालय चालवतो, आयोजक आहोत. आम्ही काय करावं?

बुकिंगच्या करारातच एक ओळ घाला: आवारात परवाना असलेलं किंवा नसलेलं कोणतंही शस्त्र आणता येणार नाही, गोळीबार झाल्यास कार्यक्रम थांबवून पोलिसांना कळवलं जाईल. दारावर ठळक मराठीत फलक लावा. जागा तुमची आहे, प्रवेश नाकारण्याचा अधिकार तुमचा आहे, त्यासाठी कायद्याचं कलम शोधत बसू नका.

पाहुण्यांची शस्त्रं ठेवून घेण्याचा काउंटर मात्र कधीही उघडू नका. हेतू चांगला असतो, पण तुमच्या कपाटात चार पिस्तुलं आहेत आणि तुमच्याकडे परवाना एकाचाही नाही, ही परिस्थिती पोलिसांना समजावून सांगणं कठीण आहे. तुमच्या सुरक्षारक्षकालाही शस्त्र काढून घेण्याचा अधिकार नाही. त्याने दारातच थांबवावं, वाद झाला तर ११२ ला फोन करावा. परवाना दाखवा अशी मागणी करण्याचा शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ मधला अधिकार पोलिसांना आणि त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे.

सशस्त्र रक्षक भाड्याने आणत असाल तर एजन्सीचा खासगी सुरक्षा एजन्सीचा परवाना, त्या रक्षकाच्या शस्त्र परवान्यावरचा उद्देश आणि क्षेत्र, तिन्ही स्वतः पाहा. परराज्यातला परवाना घेऊन आलेला रक्षक हा सगळ्यांत नेहमीचा घोळ. आणि सशस्त्र रक्षकालाही जमावाची अट लागू आहे, त्यामुळे त्याच्यासाठीही वर सांगितलेली लेखी परवानगी लागते.

गोळीबार झालाच तर?

आधी संगीत बंद, माणसं भिंतीआड, मग ११२. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि रुग्णवाहिकेची वाट बघा. छर्रा किंवा गोळी बोटाने काढायला जाऊ नका. जमिनीवरच्या रिकाम्या पुंगळ्या उचलू नका, शस्त्राला हात लावू नका, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसू नका. “घरची अब्रू” म्हणून पुंगळ्या गोळा करून गटारात टाकणारा काका भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली, म्हणजे पुरावा नष्ट केल्याबद्दल, स्वतंत्र आरोपी होतो. माइकवरून “होऊ दे अजून एक” म्हणणाराही अपप्रेरणेत, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी देण्यात, येऊ शकतो.

परवाना रद्द झाला. पुढे?

परवाना लगेच परत करा आणि शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. अपील करणार आहात म्हणून शस्त्र घरी ठेवता येत नाही. अपिलाची मुदत साधारण तीस दिवस: जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. आदेशात कारणं लिहिलेली नसतील तर त्यांची प्रत आधी लेखी मागा, कारण कारण माहीत नसताना केलेलं अपील बहुधा हवेतच बार ठरतं.